सात नंबरची बाई

सोमवारी दुपारी सरकारी बाई आली आणि माझं बाळ उचलून घेऊन गेली. ना नमस्कार ना चमत्कार. राखाडी कोट, काखेत फाइल, तोंडावरची माशी हलेल तर शपथ. तरातरा अंगणात शिरली, पाळण्यातून लिवाला काढलं आणि फाटकाबाहेरच्या गाडीत बसून चालती झाली. मी हातात कॉफीचा मग धरून नुसती बघत राहिले.

घाबरू नका, हे टीव्हीच्या पडद्यावर घडलं. लिवा म्हणजे ‘शेजारपाजार’ नावाच्या व्हिडिओ गेममधलं माझं तान्हं बाळ. पण खरं सांगते, त्या क्षणी मला पडदाबिडदा काही दिसला नाही. मी जी किंचाळले, ती ऐकून मागच्या शेडमधून माझा नवरा हातातला रंधा टाकून धावत आला. आणि दुष्काळात तेरावा महिना, त्याच दुपारी एक खरी सरकारी बाई आमच्या घरी यायची होती.

मी डोर्टे. स्वेनबोर गावातल्या बंदराजवळ माझं केस कापायचं दुकान आहे, सोमवारी बंद. बाकी दिवस कात्री आणि तोंड दोन्ही चालू. गिऱ्हाइकं म्हणतात, कात्रीला निदान धार तरी लावावी लागते. माझा नवरा एस्बेन जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करतो. तो आठवड्याभरात जेवढं बोलतो तेवढं मी एकीच्या कपाळावरच्या बटा कापताना बोलून टाकते. आम्हाला मूल नाही. व्हावं म्हणून माणसं जे जे करतात ते सगळं केलं, हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवल्या, आणि एक दिवस परतताना एस्बेन गाडीतच म्हणाला, पुरे आता. मी त्याच्यावर चिडले नाही, यावरून काय ते समजा.

मग आम्ही नगरपालिकेत अर्ज केला. ज्या मुलांना सांभाळणं त्यांच्या आईबापांना काही काळ जमत नाही, आजारपण असतं, आणखी काही असतं, ती मुलं दुसऱ्या घरात ठेवतात. तसं घर आम्हाला व्हायचं होतं. त्यासाठी शिकवणी असते, तीही आम्ही केली. एस्बेन तर वहीला कव्हर घालून जायचा. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवटच्या संध्याकाळी शिकवणाऱ्या बाईंनी प्रश्न टाकला. मूल तुमच्या घरात रुळलं, तुम्हाला त्याचा लळा लागला, आणि मग त्याची आई बरी होऊन त्याला न्यायला आली, तर काय कराल?

बाकीची जोडपी शहाण्यासारखी बोलली. मुलाचं हित, आईचा हक्क, वगैरे. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, “आम्ही कशाला देऊ परत?”

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मागच्या खुर्चीवर नगरपालिकेची विबेके बसली होती. आमचं घर योग्य की अयोग्य हे तिच्याच शब्दावर ठरणार होतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, डोर्टे, हे आपण तुझ्या घरी बसून बोलू. सोमवारी ती येणार होती ती एवढ्यासाठीच. उत्तर बरोबर आलं तर मूल येणार, नाहीतर आमच्या घरातली ती छोटी खोली पुन्हा एस्बेनच्या रंगाच्या डब्यांची.

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांपुढे तालीम करून पाहिली. “आम्ही आनंदानं निरोप देऊ,” असं म्हणायचे आणि आरशात माझंच तोंड बघून मला खोटं वाटायचं. एकदा हातात आलेलं मूल परत द्यायचं, या नुसत्या विचारानं कात्री मध्येच थांबायची. हे विबेकेला कळल्याशिवाय थोडाच राहणार होता.

तो गेम एस्बेननंच आणला होता, त्याच्या एका मित्राची मुलं मोठी झाली होती, त्यांच्याकडून. म्हणाला, संध्याकाळी डोकं जरा दुसरीकडे लाव. मी म्हटलं, माझं वय काय आणि हे खेळ काय. आठवड्याभरात अशी वेळ आली की बटाटे करपले तरी मी उठेना.

त्यात आपण एक कुटुंब बनवायचं, त्याला घर द्यायचं आणि चालवायचं. मी पाले आणि गुन्वोर असं जोडपं केलं. लोक म्हणे त्यात बंगले बांधतात, पोहायचे तलाव खणतात, नोकरीत बढत्या मिळवतात. माझ्या पालेला बढती नाही, सोफा फाटलेला, नळ गळतोय. माझं सगळं लक्ष पोरांवर. थोरल्या आस्गरला शी-शू शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. गुन्वोर त्याला भांड्यावर बसवायची, तो खिदळत बसायचा, उठायचा आणि दोन पावलांवर गालिच्यावर उरकायचा. भरवायला बसावं तर भोपळ्याचा लगदा भिंतीवर, छतावर आणि पालेच्या केसांत. बोलायला शिकवलं, तर पडद्यावर पहिला शब्द काय उमटला, ‘नाही’. एस्बेन म्हणाला, तुझ्यावर गेलाय. मी म्हटलं, तुझ्यावर गेला असता तर पहिला शब्द कळायलाच दहा वर्षं लागली असती.

शाळेत जायला लागल्यावर डबा आला. गेमच्या दुकानात आमच्याकडचा राय धान्याचा काळा पाव नाही, नुसता तो कापसासारखा पांढरा पाव. माझं मन काही मानेना, पोराला हे काय देतोय आपण. वाढदिवसाला आमच्याकडे केकवर खोचतात ते कागदी झेंडे मिळेनात, तर जत्रेचे मोठे झेंडे विकत घेऊन अंगणात रोवले, आस्गर त्यांच्यात दिसेनासा झाला. शाळेसाठी ज्वालामुखी करायचा होता तो बापलेकांनी जेवणाच्या टेबलावर केला आणि अख्खं स्वयंपाकघर काळं केलं. जास्त ओरडलं तर पोरगं बुजरं होतं, लाड केले तर डोक्यावर बसतं, आणि हे सगळं तो गेम चोख लक्षात ठेवतो. एक बटण असतं, ‘जवळ घे’. ते मी इतकं दाबलं की कंट्रोलरवरच्या बटणाचा रंग गेला.

एस्बेन आधी म्हणायचा, मला नाही बाबा यातलं काही कळत. मग ताट मांडीवर घेऊन माझ्या मागे बसायला लागला. मग हळूच, “झोप आलीय त्याला, डोळे चोळतोय.” मग झोपताना गोष्ट वाचायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. पालेला खुर्चीत बसवायचा, आस्गरला मांडीवर, आणि पुस्तक संपेपर्यंत मला जागचं हालायची परवानगी नाही. एकदा आस्गरला दुसऱ्यांदा पुडिंग द्यावं की नाही यावरून आमचं असं वाजलं की मी दोन दिवस अबोला धरला. टीव्हीत राहणाऱ्या पोरासाठी. पण त्या दोन दिवसांतही, का कोण जाणे, मला आतून फार बरं वाटत होतं. पोराच्या पुडिंगवरून नवऱ्याशी भांडायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

तर त्या घरात लिवा जन्मली, आणि गेममध्ये हिवाळा लागला. सोमवारी मी विबेकेसाठी घर लख्ख केलं, वर खोबरं आणि काळी साखर लावून भाजतात तो केक केला, आणि तरी तासभर उरला. हात रिकामे राहिले की माझं डोकं चालायला लागतं. म्हणून टीव्ही लावला. लिवा रडत होती. पाजलं, पुसलं, लंगोट बदलला, जोजवलं, तरी भोकाड चालूच.

आता सांगा, अशा वेळी कोणतीही शहाणी बाई काय करेल? पोराला बाहेर झोपवेल. मी बाहेरच झोपून मोठी झाले, एस्बेन झोपला, आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर झोपतं. दुपार झाली की पाळणाघराच्या मागे बाबागाड्यांची रांग लागते, वरून बर्फ भुरभुरत असतं आणि आत पोरं लाल गालांनी घोरत असतात. गेममध्ये बाबागाडी नव्हती म्हणून मी पाळणाच ओढत अंगणात नेला आणि झाडाखाली ठेवला. लिवा तत्काळ गप्प. मी कॉफी ओतून घेतली आणि स्वतःवर खूश होऊन पाय लांब केले. थोड्या वेळानं तिच्या डोक्यावर एक निळं चिन्ह लुकलुकायला लागलं. मला वाटलं, गाढ झोपेचं असेल. ते गारठल्याचं होतं. एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

एस्बेन धापा टाकत आत आला. मी सांगितलं, लिवाला नेलं, थंडीत ठेवली म्हणून.

“थंडीत?” तो म्हणाला. “नुसती बाहेर झोपवली असशील.”

“तेच तर.”

त्यानं वाकून पडद्यावरचा पाळणा पाहिला. मग म्हणाला, बंद कर आणि सकाळपासून पुन्हा सुरू कर, बाळ पाळण्यात असेल. मलाही ते सुचलं होतं. पण गाडी वळणाआड जाताच गेमनं आपलं आपण सगळं साठवून टाकलं होतं. आता मागची सकाळ कुठेच नव्हती. ते कळलं आणि माझा जो पारा चढला तो चढलाच. मी उभी राहिले, कंट्रोलर हातात नाचवला आणि बंदरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायला लागले. माझं मूल आहे ते, मी सोडणार नाही, सरकारी असेल तिच्या घरची, पुन्हा या घरात पाऊल टाकू दे, मग दाखवते तिला.

एस्बेन माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या मागे बघत होता. मी वळले. बैठकीच्या दारात विबेके उभी होती. बूट बाहेर काढलेले, पायांत लोकरी मोजे, तोंड भिंतीसारखं पांढरं. बेल तिनं वाजवली असणार. माझ्या आवाजात कोण ऐकतंय.

आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सुचेना. तेव्हा एस्बेननं टीव्हीकडे बोट केलं आणि म्हणाला, “गेम आहे.” त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

विबेकेनं टीव्हीकडे पाहिलं, पडद्यावरच्या रिकाम्या पाळण्याकडे पाहिलं, मग कोटासकट सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, काय झालं ते पहिल्यापासून सांग. मी सांगितलं. सवयच ती, तिनं चौकशी सुरू केली. बर्फ किती होतं? थोडंसं. वारा? नव्हता. बाळाचं पोट भरलेलं होतं? होतं. पांघरूण? मी म्हटलं, त्या दुकानात पांघरूण मिळतच नाही, मी काय करू. तिनं गंभीरपणे मान हलवली.

“म्हणजे माझी तिन्ही पोरं सरकारनं उचलून नेली असती,” ती म्हणाली. “धाकटा तर असा गारठा पडलेला असताना झोपायचा की दोरीवरचे कपडे काठीसारखे व्हायचे.” आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. कोणत्या उकाड्याच्या देशात बनवलाय हा गेम, म्हणाली. मीही हसले, पण घाबरत घाबरत. कारण मी जे काय ओरडले होते ते तिनं ऐकलंच होतं, आणि ते त्या संध्याकाळच्या उत्तरापेक्षा तसूभरही शहाणं नव्हतं.

एस्बेननं केक कापला, मी कॉफी ओतली. आता ती तो प्रश्न काढेल म्हणून मी अंग आवळून बसले. तिनं भलताच काढला.

“तिला नेलं, ते कुठे नेलं?”

मी म्हटलं, गेममध्ये नेलं, म्हणजे संपलं.

“मूल नेलं की ते कुठेतरी असतं,” विबेके म्हणाली. “शोध.”

हे मला सुचलंच नव्हतं. त्या गेममध्ये गल्लीतल्या बाकीच्या घरांत डोकावता येतं, छप्पर उचलून बघावं तसं. मी एकेक घर पाहत निघाले. तीन नंबरचा म्हातारा झोपलेला. पाच नंबरला कुत्रा एकटा. आणि सात नंबरला, स्वयंपाकघरात, लिवा.

सात नंबरला मिसेस पार्कर राहते. गेमनंच ठेवलेली बाई, पिवळा झगा, केसांचं टोपलं. मला ती पहिल्यापासून आवडत नव्हती. न बोलावता यायची, आमच्या कचऱ्याच्या डब्याला लाथ मारून जायची. तिच्या कडेवर माझी लिवा होती आणि ती तिला चमच्यानं भरवत होती.

“चमचा चुकीचा धरलाय तिनं,” मी म्हटलं.

एस्बेन म्हणाला, बरोबर धरलाय. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं केक तोंडात कोंबला. मिसेस पार्करनं लिवाचं तोंड पुसलं, तिला खांद्यावर घेतलं आणि गेममधल्या लोकांची ती कुणालाच न कळणारी भाषा असते, तीत काहीतरी गुणगुणायला लागली. आणि लिवा हसली. पडद्यावर मोठी चांदणी उगवली. पहिलं हसू. पहिलं हसू, आणि ते तिच्या खांद्यावर. एका चित्राचा मी इतका द्वेष करू शकते हे मला माहीत नव्हतं. गुन्वोरनं रात्री जागवल्या, गुन्वोरनं लंगोट बदलले, आणि हसू ही घेऊन बसली.

मी गुन्वोरला घराबाहेर काढलं. कोट घालायचंही सुचलं नाही, तशीच बर्फातून चालवत सात नंबरपर्यंत नेली आणि दार ठोठावायला लावलं. मिसेस पार्करनं दार उघडलं, लिवा कडेवरच. पडद्यावर पर्याय आले. भांड. रड. बाळाला भेटू का, ते विचार. निघून जा.

माझा अंगठा आपोआप ‘भांड’वर गेला. तो तिथलाच आहे, त्याला दुसरं घर नाही. पण दाबला नाही. गुन्वोर पायरीवर कुडकुडत उभी होती, आत उजेड होता, आणि दार त्या बाईच्या हातात होतं. भांडले तर ती दार लावून घेईल, बस. मग मी काय करणार होते? मला एकदम भीती वाटली. खरीखुरी भीती. कुणी माझ्याजवळ बसून म्हणालं असतं की अगं गेम आहे, तर मी त्याला चावले असते. मी अंगठा खाली नेला आणि ‘भेटू का’ दाबलं.

मिसेस पार्करनं गुन्वोरला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग दारातून बाजूला सरली. गुन्वोर आत गेली. त्या बाईनं लिवाला तिच्या हातात दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन चुलीवर किटली ठेवली. त्या दोघींकडे पाठ करून उभी राहिली, उकळी येईपर्यंत.

मी ढसाढसा रडले. लपवायचं वगैरे काही नाही, नाक पुसायला एस्बेनची बाही घेतली.

विबेकेनं कप खाली ठेवला. म्हणाली, “डोर्टे, तो प्रश्न.”

“मला त्रास होणार,” मी म्हटलं. “नाही होणार म्हणाले तर ते खोटं, आणि मला खोटं जमत नाही. पुडिंगवरून दोन दिवस अबोला धरणारी बाई आहे मी. पण आत्ता मी त्या पायरीवर होते, विबेके. त्या बाईनं दार लावलं असतं तर मी त्याच पायरीवर मेले असते. मी परत देईन. रडत देईन, पण देईन. आणि द्यायची वेळ येईपर्यंत त्याची आई केव्हाही आली तरी दार उघडीन. तिच्या मांडीवर देईन आणि मी आपली पाठ फिरवून उभी राहीन.”

विबेकेनं एस्बेनकडे पाहिलं. तू?

एस्बेननं हातातली बशी खाली ठेवली. “किटली मी ठेवीन,” तो म्हणाला.

तिनं शाबासकी वगैरे काही दिली नाही. केकचा आणखी एक तुकडा घेतला, तोही जाडसर, आणि तो संपवून मग सांगायला लागली. दीड वर्षाचा एक मुलगा आहे. आई अगदी तरुण, एकटी, आजार मोठा, उपचार लांबणारे. तिचा जीव आहे त्याच्यात, फक्त अंगात त्राण नाही. दोन घरं तिनं बघितली आणि दोन्ही नाकारली. तिला पटेल तिथेच तो जाईल असं ठरलंय. मी लिहीन की तुमचं घर योग्य आहे, विबेके म्हणाली, पण शेवटचं तिचं. दारात बूट घालताना वळून विचारलं, त्या लिवाचं पुढे काय होतं ते मला फोन करून कळव.

कळवलं. गुन्वोर रोज सात नंबरला जायची. कधी मिसेस पार्कर किटली ठेवायची, कधी दोघी मिळून लिवाला न्हाऊ घालायच्या. आस्गरलाही घेऊन जायचे मी, त्यानं तिथलंही स्वयंपाकघर काळं केलं. एके दिवशी राखाडी कोटवाली आली आणि लिवाला आमच्या दारात सोडून गेली. त्याच संध्याकाळी मिसेस पार्कर अंगणात येऊन नुसती उभी राहिली. मी तिला आत घेतलं, जेवायला वाढलं, लिवाला तिच्या मांडीवर दिलं. जाताना तिनं कचऱ्याच्या डब्याला लाथ मारलीच. खोड ती खोडच.

मग त्या मुलाची आई आमचं घर बघायला येणार होती तो गुरुवार आला. मी दुकान लवकर बंद केलं. एस्बेननं छोट्या खोलीची दारं पुसली, मग पुन्हा पुसली. फाटक वाजलं तशी मी बेलची वाट न बघता दार उघडून उभी राहिले. विबेकेच्या मागे एक काडीसारखी पोर होती. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात तिच्याहून मोठा कोट, पाठीवर पिशवी, आणि कडेवर निळ्या गुबगुबीत, बर्फात घालायच्या डगल्यात एक गोळा. तिचं नाव तिल्दे. गोळ्याचं आक्सेल. डगल्यातून फक्त दोन डोळे आणि शेंबडं नाक दिसत होतं.

माझे हात कसे शिवशिवले ते मी सांगू शकत नाही. इतकी वर्षं ते ज्याची वाट बघत होते ते हातभर अंतरावर होतं. “ये, दे इकडे त्याला,” हे जिभेच्या टोकावर आलं होतं. मी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात कोंबले आणि दारातून बाजूला झाले.

“तू तिल्दे. मी डोर्टे, हा एस्बेन. सगळं घर बघ. कपाटं उघड, पलंगाखाली वाक, काही लाजू नकोस.”

तिनं खरंच सगळं बघितलं. दुसऱ्यानं कापलेले केस मी ज्या नजरेनं बघते त्या नजरेनं. फ्रिज उघडला. तळघराच्या जिन्याला दार आहे का ते पाहिलं. एस्बेनला विचारलं, अवजारं कुठे असतात, कुलूप असतं का. त्यानं खिशातून किल्ली काढून दाखवली आणि ती कुठे टांगतो तेही. छोट्या खोलीत ती बराच वेळ उभी राहिली. मूल एका कडेवरून दुसरीवर घेत होती, घामेजली होती, पण खाली ठेवेना. मी तिच्यामागून फिरत होते आणि माझी जीभ मी दातांत धरली होती. नगरपालिकेच्या कुठल्याही शिकवणीत मला एवढं कठीण काही करावं लागलं नाही.

स्वयंपाकघरात ती थांबली. माझ्याकडे न बघता विचारलं, “मला यायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागेल का?”

विबेके नियम सांगायला तोंड उघडत होती. मी म्हटलं, “सोमवारी मी दिवसभर घरी असते. बाकीच्या दिवशी दुकानात ये, तिथून सोबत येऊ. आणि रात्री त्याच्या आवाजाशिवाय झोप नाही आली तर फोन कर. घोरत असेल तर फोन त्याच्या नाकाशी धरीन.”

तिल्दे हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आत आल्यापासून पहिल्यांदाच सरळ. मग एस्बेनकडे पाहिलं. तो आमच्याकडे पाठ करून किटलीत पाणी भरत होता. आक्सेलनं तिच्या खांद्यावरून मान काढून त्या पाण्याच्या आवाजाकडे बघितलं आणि बोट केलं.

“जरा धरतेस याला?” तिल्दे मला म्हणाली. “मला कोट काढायचाय.”

“धरते की,” मी म्हटलं. “तू काढ निवांत.”

तिनं आक्सेलला माझ्या हातात दिलं, कोट काढला, दारामागच्या खुंटीला अडकवला, आणि त्याला माझ्याकडेच ठेवून खुर्ची ओढून बसली.